मे महिन्यातली ओली भिंत

गेले जवळजवळ तीन आठवडे मी अकोल्याहून अमरावतीला अपडाऊन करत होते, एका बाथरूमच्या भिंतीसाठी. परवा ते काम संपलं... म्हणून आज लिहायला बसले.

मी टाइल्स बसवते. हे काम घरातच शिकले, अब्बांच्या शेजारी बसून. त्यांचे गुडघे गेल्यापासून बाहेरची कामं मीच बघते.

ह्या बाथरूमच्या टाइल्स सहा वर्षांपूर्वी अब्बांनीच लावलेल्या. आता चार सुटल्या होत्या आणि मागचं प्लास्टर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं गळत होतं. घरातल्या आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रविवारी त्या घरी येणार होत्या. त्यांनी धरून उठायचा स्टीलचा रॉड नेमका ह्याच भिंतीत बसायचा होता.

कुजकं प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं. प्लंबरने पाइप तपासले, कुठेच गळती नाही. चार दिवस भिंत उघडी ठेवून, ओल बघायला तिच्यावर प्लास्टिकची पन्नी चिकटवली... सकाळी पन्नीच्या आतून थेंब. आमच्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो, आणि ही भिंत वाळेना.

अब्बा फोनवर म्हणाले, वॉटरप्रूफिंग मारून टाइल्स लावून टाक, लोक थांबत नाहीत. त्या घरच्या काकू तर वैतागल्याच होत्या.

"आजी रविवारी येऊन राहिली, अन् तू भिंतच वाळवत बसशीन का?"

मी म्हटलं, "काकू, रॉड आजींच्या हातात निघून आला तर?" त्या दिवशी चहा आला नाही.

मी ठरवलं, पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय एकही टाइल लावायची नाही. नेहमीची बस सोडली आणि घराभोवती फिरत राहिले... ऊन उतरल्यावर घरचे काका पाइप घेऊन मागे आले आणि पश्चिमेच्या भिंतीवर पाणी मारायला लागले. दिवसभर तापलेली भिंत, तिच्याआड आजींची खोली आणि तिला लागून बाथरूम. आपल्याकडे कितीतरी घरी असं पाणी मारतात. भिंत वरून लगेच सुकते, पण इथे बाथरूमच्या खिडकीखाली बारीक भेग होती आणि पाणी रोज तिच्यातून आत जात होतं.

मी भेग दाखवली. काकांनी नळ बंद केला आणि स्वतःच काकूंना हाक मारून सांगितलं, "भिंत म्याच भिजवली व. मायची खोली थंडी राहावं म्हणून."

मी तिथेच गप्प बसले असते तर अब्बांचं नाव निघालंच नसतं. पण काढलेल्या टाइल्स माझ्यासमोर पडल्या होत्या... प्रत्येकीच्या मागे सिमेंटच्या मसाल्याचे फक्त पाच गोळे, मधली जागा पोकळ. तिथेच पाणी साचत होतं. शेवटी बोलले, "पाणी तुमचं होतं काका, पण पोकळ जागा आमची."

घरी अब्बांना हे सांगताना मला रडू आलं. त्यांनी विचारलं, "चारही पोकळ होत्या?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर बसने अमरावतीला आले. स्टुलावर बसून त्यांनी एकेक टाइल नाण्याने वाजवली आणि पोकळ वाजेल तिच्यावर पेन्सिलीने फुली मारली. आणखी अकरा निघाल्या.

भेग बुजवली. पन्नी कोरडी निघेपर्यंत थांबलो, मग नवं प्लास्टर केलं, तेही वाळू दिलं. टाइल्स ह्या वेळी मागे पूर्ण मसाला भरून लावल्या. तोवर घरी आलेल्या आजींनी खोलीतच कमोडच्या खुर्चीवर दिवस काढले, आणि काकूंनी मला रोज ऐकवलं. ते ऐकून घ्यायलाच हवं होतं.

परवा आधी मी त्या रॉडला लटकून पाहिलं, मग काकांनी. मग वॉकर बाजूला ठेवून आजींनी रॉड धरला आणि हळूहळू उठून उभ्या राहिल्या. "हालत नाई," एवढंच म्हणाल्या.

काका आणि अब्बा, दोघंही वयाने माझ्याहून किती मोठे... आणि दोघांनीही आपली चूक माझ्यासमोर कबूल केली, एकाने बोलून, दुसऱ्याने फुल्या मारून. मला फक्त भिंत दुरुस्त करायची उरली होती. दोघांनाही शुक्रिया.