दाराबाहेरून सांगितलेले रंग

करोनाच्या पहिल्या वर्षी मी परदेशात, डीमनला लेकीकडे अडकले. जावईबापू तापाने खोलीत बंद होते, लेक सामान आणायला गेली होती, आणि त्यांनी पाळलेल्या कॉर्न स्नेकची, म्हणजे बिनविषारी सापाची, पिल्लं नेमकी तेव्हाच अंड्यांतून बाहेर आली.

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. अंड्यांचा डबा घेऊन मी त्यांच्या दाराबाहेरून म्हटलं, "जनावरं निघाली."

"आई, रंग सांगा. डोळेही बघा. घाबरू नका, तीच तुम्हाला घाबरलीत."

जावयांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडून सांगत होते. पहिलं तांबडं, काळ्या किनारीचं. दुसरं राखाडी, त्यात तांबडं काहीच नाही. तिसरं गुलाबी, डोळे लाल. ते आतून रंगावरून प्रत्येकाचा प्रकार सांगत, पण दर वेळी जास्त थांबून. चौथ्याला नुसतं "हं" आलं.

त्यांना श्वास पुरत नव्हता आणि मी रंग सांगत बसले होते! पाचवं न बघताच मी डब्याला झाकण लावलं आणि लेकीला फोन केला, "आधी डॉक्टरांना बोलव."

ते बरे झाले. पण अजूनही त्यांच्याकडे राहायला गेले आणि त्यांचं उत्तर यायला उशीर झाला, की मी हातातलं काम टाकून त्यांच्या दाराशी जाते.