लोणीच्या फिटरला चिकटलेलं नाव

सकाळी सून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पुढे करते आणि मी उठून अंगणात फेऱ्या मारू लागतो. बसवत नाही. तिला वाटतं, म्हातारपण.

ओतूरला माझं पाइपांचं दुकान होतं. दोन हजार सालानंतर जवळच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसची मशिनं यायची ठरली. तोवर पेशंटांना एसटीने पुणं गाठावं लागे. मी विश्वस्तांपैकी एक, म्हणून रक्त साफ करणाऱ्या त्या मशिनांना लागणाऱ्या पाण्याच्या लाइनीचं काम माझ्याकडे आलं. बसवायला लोणीचा फिटर बोलावला. ठिबकाच्या लाइनी टाकणारा, तोंडाने फटकळ, हाताने साफ.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या कंपनीने मला फोनवर बजावलं होतं: जाणारी-येणारी सगळी लाइन प्लास्टिकची, तांबं-पितळ कुठेही नको. मी हो म्हणालो, पण मन घेईना. बागेला टाकतो तोच पाइप माणसाच्या रक्ताला? आमच्याकडे आजाऱ्याला पाणी द्यायचं ते तांब्यातलं. मशिनजवळच्या शेवटच्या टप्प्यासाठी मी दुकानातली तांब्याची नळी काढली. देणगी म्हणून.

"भाऊ, तांबं चालंल ना? कंपनीला इचारलं का?" फिटर म्हणाला.

"विचारलंय. तू टाक."

"मग झ्याक! म्हशीला प्लास्टिक न् पेशंटला तांबं. पेशंटच व्हावं म्हनतो राव!"

थोड्याच दिवसांत एका शिक्षिकाबाईंची मशिनवर असतानाच पाठ भरून आली, उलट्या सुरू झाल्या. नळीतलं रक्त पातळ, रंगाच्या पाण्यासारखं दिसू लागलं. नर्सने मशिन बंद केलं म्हणून बाई वाचल्या.

कंपनीचा माणूस आला. एवढं शुद्ध पाणी धातू खातं, म्हणाला. तांबं पाण्यात उतरलं, त्याने रक्तपेशी फुटल्या. बैठकीत त्याने विचारलं, "ही नळी कोणी टाकली?"

सगळ्यांनी फिटरकडे पाहिलं. फिटरने माझ्याकडे. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलो.

तो उठून निघून गेला. त्या दिवसापासून त्याचं नाव 'तांब्या' पडलं. मंचरच्या बाजारात दिसला की, "आला बघा तांब्या, पानी झाका!" दवाखान्यांची कामं तर गेलीच, घरची मोरीसुद्धा कोणी त्याला सांगेना. माझ्या दुकानातही लोक ते नाव घेऊन हसायचे. मी वजन-मापात डोकं घालून बसायचो.

गेल्या महिन्यात लोणीला गेलो. ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. कंपनीने फोनवर काय बजावलं होतं, मी काय लपवलं. त्याने ऐकून घेतलं. पूर्वी मला भाऊ म्हणायचा.

"मला सांगून काय उपेग, पावणं? मला तवाच कळलं व्हतं. ज्यांनी नाव ठिवलं, त्यांना सांगा."

चहालाही थांब म्हणाला नाही.

तर ज्यांनी नाव ठेवलं त्यांना सांगतो. त्याने विचारलं होतं. खोटं मी बोललो.