ट्रेवरचं मखर आणि ट्रेमधला करंट

अंबरनाथ पश्चिमेला एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे मी नोकरी करते. कामाचं स्वरूप सांगितलं की नातेवाईक विषय बदलतात, म्हणून मी ते आवर्जून सांगते. कारखान्यांत छताखाली पत्र्याचे लांब ट्रे टांगलेले असतात, त्यांतून केबली जातात. त्या तापून जळू नयेत यासाठी किती करंट न्यायचा, हे मी ठरवते.

कॅटलॉगमध्ये आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेत ऐसपैस पडलेल्या एकट्या केबलचा. आमच्या भागात इतकं ऐसपैस कोणीच राहत नाही. केबली एकमेकींना चिकटलेल्या, वर तापलेला पत्रा. त्यामुळे आकडा कमी करावा लागतो. सरांना, म्हणजे आमच्या कॉन्ट्रॅक्टरना, हा माझ्या स्वभावातला दोष वाटतो. छापलेलं खोटं कसं असेल?

उल्हासनगरच्या एका खारी-टोस्टच्या कारखान्यात नवीन इलेक्ट्रिक भट्टी येणार होती. शेठना तिची केबल जुन्याच ट्रेमधून न्यायची होती. मी शिडी लावून वर पाहिलं, तर ट्रेवर गणपतीचं मखर. थर्माकोलचं, बंदीच्या आधीचं, खांबांसकट. वर्षभर ठेवायला कोरडी जागा म्हणून केबलींवर रजईसारखं पसरलेलं. बरोबर त्याखाली बायका टोस्ट पाकिटांत भरत होत्या.

"काय गं, उंदीर आहेत का वर?" एकीने विचारलं.

"नाही मावशी, मखर आहे."

"मग जपून उतर. पाय लागेल त्याला."

सर शेठना म्हणाले, मॅडम कॉन्व्हेंटच्या आहेत, नीट समजावतील. मी इंग्रजीत समजावलं. दोघांनी मनापासून माना डोलावल्या.

"बहुत अच्छा बोला बेटा," शेठ म्हणाले. "तो केबल डाल दें?"

मग मी मोडक्या हिंदीत सांगितलं की ट्रे पेटला तर जळता थर्माकोल बायकांच्या डोक्यावर पडेल. हे मात्र कळलं. हात धुऊन, नारळ फोडून मखर उतरवण्यात आलं. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी केबल टाकूनही झाली, इतर केबलींना चिकटून, छान घट्ट बांधून. सरांना नीटनेटकेपणा आवडतो.

माझ्या हातात उरला फक्त ब्रेकर. त्याच्यावर एक छोटी चकती असते; ती ज्या आकड्यावर लावाल, त्याच्या वर करंट गेला की ब्रेकर पडतो आणि वीज बंद होते. मी ती माझ्या आकड्यावर लावली, कॅटलॉगच्या जवळजवळ निम्म्यावर.

भट्टी पूर्ण आचेवर नेली की ब्रेकर पडू लागला. बायकांना चहा प्यायला वेळ मिळू लागला. टोस्ट कच्चे राहू लागले. शेठनी सरांना फोन केला, सरांनी मला, कारखान्यातच.

"अगं, थोडी वर कर ना चकती. काही होत नाही."

मी भांडत नाही. मला जमतच नाही. "सर, मी पॅनेलपाशीच आहे," मी म्हणाले. "तुम्ही या आणि तुमच्या हाताने फिरवा."

"शेठना दे फोन," सर म्हणाले.

शेठनी ऐकून घेतलं, चकतीकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले. "मैं क्यों हाथ लगाऊँ? मैं तो खारीवाला हूँ."

काही होत नाही याची इतकी खात्री असलेली दोन माणसं, पण बोट एकाचंही पुढे आलं नाही. चकती होती तिथेच राहिली. त्या आठवड्यात नवीन, रुंद ट्रेची ऑर्डर गेली. केबलींमध्ये किती अंतर ठेवायचं, ते सरांनी मला विचारलं. आणि मराठीत सांग म्हणाले.