चॅनल सतरा आणि उरलेले बारा दिवस

आर्डिस हाउगेननं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. त्यातली सव्वीस वर्षं ती टीव्ही केंद्रही चालवत होती. दोन्हीकडे तिची एकच रीत. वेळेवर वाढायचं, भांडी स्वतः घासायची.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या डेअरीची मागची खोली, एक कॅमेरा आणि गावाबाहेरच्या टेकडीवर एक टॉवर. ताकद इतकी कमी की पंधरा मैलांपुढे चित्र पोचत नसे. आमच्या नॉर्डेल गावाच्या आसपास माणसंही तेवढ्यातच होती. चॅनल सतरावर मृत्यूच्या बातम्या लागत, शाळेत उद्या जेवायला काय ते कळे, मुलींचे बास्केटबॉलचे सामने दिसत. आणि चर्चमधले अंत्यविधी. वृद्धाश्रमात तीसेक जण होते, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. आपल्या माणसाला निरोप ते पडद्यावरूनच देत.

टॉवरचं काम माझ्याकडे होतं. चढणं, बोल्ट आवळणं, ताणाच्या तारा तपासणं.

एका वर्षी नऊ एप्रिलला पाऊस पडता पडता गोठला. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला आणि सकाळी टॉवर तीन तुकडे होऊन पडला. पायाचं काँक्रीटही फुटलं.

आर्डिस तुकड्यांभोवती एक फेरी मारून आली.

"मर्ल, बारा महिने केंद्र गप्प राहिलं की परवाना आपोआप मरतो. सुनावणी नाही, दंड नाही. मेला तो मेला."

"बारा महिने खूप झाले गं."

"तुझ्या बायकोचं नवं स्वयंपाकघर किती वर्षं अर्धवट पडलंय?"

तिचं बरोबर होतं. नव्या टॉवरचं पोलाद जूनमध्ये यायचं, ते ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. तोवर जमीन थंडीनं गोठली होती. गोठल्या जमिनीत पाया ओतला तर वसंतात तो उचलून येतो. मी नाही म्हणालो. त्या नकाराचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मार्चमध्ये मीच म्हणालो, धान्याचं कोठार आहे की. एकशे तीस फूट उंच, काँक्रीटचं, गावाच्या मधोमध.

"जागा बदलायची तर आधी वॉशिंग्टनच्या परवाना कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो," आर्डिस म्हणाली.

"उत्तर यायला किती दिवस?"

"दोन महिने. तीनही लागतील."

"मग आधी चित्र सुरू कर. कागद मागून पाठव."

आमच्याकडे सगळे असंच करतात. गोठा आधी उभा राहतो, परवानगी पेरणीनंतर आणतात. आजवर कुणी पाडायला लावला नाही. आर्डिसला ते पटलं नव्हतं. पण तारखा तिलाही मोजता येत होत्या.

तीन दिवस लागले. अँटेना दोराला बांधून हातानं वर ओढला, कारण वाऱ्यात यंत्र लावणं धोक्याचं होतं. अठ्ठावीस मार्चला चित्र आलं. मुदत संपायला बारा दिवस उरले होते. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर लोकांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

जूनमध्ये आर्डिसनं अर्ज भरला. त्यात तिनं खरं तेच लिहिलं. अठ्ठावीस मार्चपासून केंद्र कोठारावरून चालू आहे.

उत्तर सप्टेंबरमध्ये आलं. परवान्यात नाही त्या जागेवरून केलेलं प्रक्षेपण धरलं जात नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं आम्ही वर्षभर गप्पच होतो. परवाना एप्रिलमध्येच संपला होता. प्रक्षेपण ताबडतोब थांबवावं.

पत्र आलं त्या दिवशी दोन वाजता सेल्मा लुंडचा अंत्यविधी होता. कॅमेरा चर्चमध्ये लावून झाला होता. सेल्माची धाकटी बहीण थोरा वृद्धाश्रमात होती. तिला हलवता येत नव्हतं. सकाळपासून तिची खुर्ची टीव्हीसमोर लावून ठेवली होती.

आर्डिसनं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अंत्यविधी होऊ दे," मी म्हणालो. "एका तासानं काय बिघडतं? वॉशिंग्टनला कोण बसलंय बघायला?"

"ताबडतोब लिहिलंय."

"पत्र उद्या आलं असतं तर?"

"आज आलंय." ती ट्रान्समीटरकडे गेली. "एकदा तुझं ऐकलं, मर्ल."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं बटण दाबलं. पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मग थांबला.

"थोराचं काय?" मी विचारलं.

"मी तिच्याकडे जाते. तू चर्चमध्ये जा. पाद्रीबाबांना सांग, आणि पुढे उभा राहून मला फोन लाव, तो वर धरून ठेव. मी माझा तिच्या कानाशी धरते."

"सगळ्यांसमोर?"

"हो, सगळ्यांसमोर. आणि हात खाली आणू नकोस. तिला ऐकू कमी येतं."

मी तसाच कामाच्या कपड्यांत गेलो. पाद्रीबाबांना सांगितलं आणि त्यांच्या बाजूला उभा राहिलो. केंद्र का बंद पडलं ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. कुणी माझ्याकडे पाहिलं, कुणी पाहिलं नाही.

विधी पंचेचाळीस मिनिटं चालला. शंभर फुटांवर लटकून मी याहून जड वजनं धरली आहेत. त्या दिवशी दहाव्या मिनिटाला खांदा भरून आला. दोनदा हात बदलला, खाली मात्र आणला नाही. दुसऱ्या भजनात फोनमधून एक बारीक, फाटका आवाज यायला लागला. थोरा तिकडे गात होती, अर्ध्या ओळीनं मागे.