गेटातला जेसीबी

फुटबॉलच्या फायनलला जेसीबी कशाला लागतो, हे मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगावं. मी नांदेडात राहते, नोकरी करते, चार बुकं शिकलेली आहे, तरी ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अहमदपूरकडच्या एका खेड्यातले. कॉलेजसाठी नांदेडला आले आणि फुटबॉलच्या नादी लागले. गोलकीपर होते. चेंडू एकदा त्यांच्या पंजात आला की सुटायचा नाही, असं त्यांच्या वेळचे लोक अजून सांगतात. पुढे अहमदपूरला मास्तरकी केली, निवृत्त झाले, गुडघे गेले. पण हिवाळ्यात नांदेडची टुर्नामेंट लागली की आबा एसटीनं माझ्या दारात हजर. वर्षभर लेकीची आठवण येत नाही, ती बरोबर टुर्नामेंटलाच कशी येते, म्हणून मी त्यांना चिडवायची. ते नुसते हसायचे. फायनल त्यांनी कधी चुकवली नाही.

मागच्या वर्षी फायनलला मीही त्यांच्यासोबत गेले. मैदानाला दोन गेट. मोठं गेट पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेलं, आणि बाकी सगळ्या जनतेला एक अरुंद लोखंडी गेट. माणसं कंपाउंडच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, लाइटच्या खांबावर चढलेली. खाली उतरा म्हणणारं कोणी नाही. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून मॅचला उशीर. मग शाल, नारळ, फेटे, भाषणं. खेळाडू बिचारे अंग गरम करून पुन्हा थंड पडले.

खेळ सुरू झाला तसा आमच्या मागच्या पोरांनी रेफ्रीच्या आईबहिणीचा उद्धार सुरू केला. बाटल्या मैदानात पडायला लागल्या. गोलच्या जाळीमागे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि धुरात गोलकीपर दिसेनासा झाला. आबांना ते बघवेना.

"अरे, त्याला बॉल तरी दिसू द्या की," ते मागं वळून म्हणाले.

"बाबा, तुम्ही घरी टीव्हीवर बघा ना," त्यातला एक म्हणाला आणि बाकीचे खिदळले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी माझा हात दाबला. गोलकीपरनं त्या धुरातही एक चेंडू बाहेर काढला होता आणि आबांना तेवढं पुरेसं होतं.

शेवटची शिट्टी झाली आणि सगळी पोरं मैदानात घुसली. आम्ही गेटाकडे निघालो. तिथे जेसीबी उभा होता. जिंकलेल्या संघावर फुलं उधळायला आणलेला, पुढचं खोरं झेंडूच्या पाकळ्यांनी शिगोशीग भरलेलं. गेटाबाहेर नाही, गेटाशेजारी नाही, बरोबर गेटात. कारण तिथे वर कमान होती, कमानीवर बॅनर होतं आणि फोटोत बॅनर यायला पाहिजे होतं.

आतले लोक बाहेर पडायला रेटत होते, बाहेरचे लोक फुलं बघायला आत रेटत होते आणि मधे ते पिवळं धूड. मागून आणखी माणसं येतच होती. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. माझे पाय जमिनीवरून सुटले. कोणीतरी ओरडून सांगत होतं, मोठं गेट उघडा. तिथला माणूस म्हणत होता, साहेबांची गाडी निघू द्या, मग उघडतो.

आबांनी मला भिंतीकडे लोटलं. माझ्या दोन्ही बाजूंना भिंतीवर पंजे टेकले आणि सगळी गर्दी पाठीवर घेतली.

"मान वर धर," ते म्हणाले. "वर बघून श्वास घे. बोलू नको."

मी वर बघितलं. पाकळ्या पडत होत्या. लोक शिट्ट्या मारत होते. पाकळ्या आबांच्या टोपीवर पडल्या, माझ्या तोंडावर पडल्या, आणि तेवढ्यात रेट्यानं त्यांचा उजवा हात भिंतीवरून घसरून मुडपला. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

मोठं गेट उघडलं तेव्हा कुठं आम्ही सुटलो. आबांचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण त्या हाताची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. आबा डाव्या हातानं जेवतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकानं मलाच विचारलं, एवढ्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला न्यायचंच कशाला. बाईमाणसानं तरी जायचं कशाला. जेसीबी गेटात कशाला होता, हे एकानंही विचारलं नाही. मी आयोजकांकडे गेले, तर त्यांच्यातला कार्यकर्ता म्हणाला, "पोरांचा उत्साह असतो, ताई." त्या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आला आहे. शिव्या दिल्या तर उत्साह, फटाके लावले तर उत्साह, माणूस चिरडला तरी उत्साहच. यांच्या उत्साहाची भरपाई माझ्या बापाच्या मनगटानं का करायची?

यंदा टुर्नामेंट लागली आणि आबा आले. फायनलच्या आदल्या आठवड्यात तोच कार्यकर्ता शाल-नारळ घेऊन घरी हजर. जुने खेळाडू म्हणून फायनलला आबांचा सत्कार करायचा आहे म्हणे.

"जेसीबीचं काय केलंत?" मी दारातच विचारलं.

"ते बरोबर केलंय, ताई. मागच्या टायमाला एकच होता, म्हणून सगळी पब्लिक एकाच गेटावर आली. यंदा दोन सांगितलेत. दोन्ही गेटांत एकेक."

तो थट्टा करत नव्हता. यावर त्यांची बैठक झाली असणार, चहा झाला असणार, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असणार.

तेवढ्यात त्यानं आत येऊन, वाकून खुर्चीत बसलेल्या आबांच्या उजव्या हातात नारळ ठेवला. बोटं मिटली नाहीत. नारळ निसटला, तो मी धरला. आबांनी हात मांडीखाली घेतला आणि कार्यकर्त्याकडे बघितलं.

"फायनलला नगं," ते म्हणाले. "सेमीफायनलला येतो. त्या दिवशी तर जेसीबी न्हाई ना?"

"न्हाई, काका," तो खुशीत म्हणाला. "सेमीला फक्त फटाके."

मी नारळ त्याच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं.