आजोबांचा रशियन मार्च

मंडळी, एक प्रश्न विचारायचाय.

आज सोलापुरात जुन्या लष्करी संगीतावर कार्यक्रम होता. वक्त्यांनी एका बँडची जुनी रेकॉर्ड लावली. म्हणाले, "सोव्हिएत मार्च, संगीतकार अज्ञात. तीसच्या दशकात आपले गिरणी कामगार याच चालीवर मोर्चे काढायचे. मधली ती दोन मात्रांची शांतता ऐका. हुतात्म्यांसाठी आहे."

अहो, ती चाल माझ्या आजोबांची! दिवसा गिरणीत काम आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. कापसाच्या धुळीनं दमा जडला होता, म्हणून तिथं श्वास घ्यायला थांबायचे.

मी उभं राहून सांगितलं. वक्ते हसून म्हणाले, "पुरावा आहे?"

घरी आलो. वडील अंथरुणाला खिळलेत. विचारलं, "दादा, आजोबांनी स्वतःचं नाव का नाही सांगितलं?"

"लग्नातल्या बँडवाल्याची चाल कोन वाजवंल? रशियाची हाय म्हटलं की समदे छाती काढून चालायचे की."

मग ते हळूच ती चाल गुणगुणायला लागले आणि नेमके त्याच जागी दोन मात्रा थांबले.

दादांना दमा नाही.

हा पुरावा मी कुणाला दाखवू, सांगा?