जेवल्यावरची तपासणी

सुरतेतल्या मराठी शाळेत वर्गात शिकवत असताना माझ्या पोटात अचानक कळ आली आणि मी फळ्यापाशीच खाली बसले. आतड्यांना रक्त नेणारी धमनी आतून फाटली होती. सर्जननं पायातली शीर काढून तिचं ठिगळ धमनीला लावलं आणि मी वाचले. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. घरी आल्यावर चार घास पोटात गेले, की थोड्या वेळानं पोट पिळवटून निघायचं. मी जेवण टाळायला लागले. सुरतेत कोणाकडेही गेलं की आधी खायला पुढे येतं, म्हणून लोकांकडे जाणंही सोडलं. गाल बसले, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. सर्जननं सोनोग्राफीवर रक्ताचा प्रवाह तपासून घेतला, नेहमीप्रमाणे उपाशीपोटी. रिपोर्ट नॉर्मल. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग तो माझ्याशी बोलेनासाच झाला. यजमानांकडे बघून म्हणाला, बेनच्या मनात भीती बसली आहे, झोपेची गोळी देतो. यजमानांनी मान डोलावली. सासूबाईंनी तर शेजारी सांगून टाकलं, की सूनबाईला आता स्वयंपाकघर नको झालंय.

पुढच्या तपासणीला मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावरच उघडला.

"अगं, उपाशीपोटी यायला सांगितलंय," यजमान ओशाळून म्हणाले. "लोक बघताहेत."

मी डबा संपवला. कळ सुरू झाल्यावर आत गेले. तपासणारी डॉक्टर गुजराती होती, माझ्यापेक्षा लहान. ती वैतागली. पोट भरलेलं असलं की गॅसमुळे नीट दिसत नाही, उद्या या, म्हणाली.

"उपाशीपोटी मला दुखतच नाही," मी म्हटलं. "आत्ता दुखतंय. आत्ता बघा."

माझा आवाज चढला होता. तिनं पोटाला जेल लावलं. बराच वेळ दाबून बघत राहिली. मग तिनं नीट समजावलं: जेवल्यावर आतड्यांकडे जाणारं रक्त पुष्कळ वाढायला हवं; ठिगळाच्या जागी धमनी आवळली गेल्यामुळे ते वाढतच नव्हतं.

सर्जन तो रिपोर्ट वाचूनही यजमानांशीच बोलू लागला. अशा केसेस फार क्वचित, वगैरे.

"पोट माझं आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे बघून सांगा."

दुसरं ऑपरेशन मी त्याच्याकडे करून घेतलं नाही. मुंबईला जाऊन केलं आणि हळूहळू पोटभर जेवायला लागले. एकदा जेवताना यजमान कौतुकानं म्हणाले, तू हट्ट धरलास ते बरं झालं.

हट्ट नव्हता, दुखत होतं, असं मी म्हटलं, आणि त्या दिवशी त्यांना वाढायला उठले नाही.